दगडाला पाझर फुटतो, ते पान

वाचकाचं पत्र

ताई, नमस्कार.

माझं वय ३६. मी जिल्ह्याच्या गावी पोलीस ठाण्यातल्या महिला समुपदेशन केंद्रात काम करते. दिवसभर मारहाण, संशय, माहेरून पैसे आण म्हणून चाललेला छळ, हेच कानावर असतं. रात्री घर झोपलं की मी किंडल, म्हणजे ई-पुस्तकं वाचायचं यंत्र, काढते आणि माफिया रोमान्स वाचते. दोन वर्षांत शंभरेक झाल्या असतील. तो इटालियन डॉन, कुणावर विश्वास न टाकणारा, हाताला रक्त लागलेला. ती बेकरी चालवणारी नाहीतर फुलं विकणारी, मोकळं हसणारी. बापाच्या कर्जापायी किंवा दोन घराण्यांच्या समेटासाठी लग्न होतं आणि मग तो हळूहळू तिचा होत जातो. मला नेमकं हेच लागतं. दोघांचे स्वभाव जुळणारे निघाले की मी पुस्तक सोडून देते.

गेल्या महिन्यात केंद्रात एक बाई आली. नवरा दिवसभर फोनवर तिचं लोकेशन बघतो, माहेरी पाठवत नाही. ती म्हणाली, "मॅडम, काळजी वाटते म्हणून करतो हो तो." आदल्याच रात्री मी जवळजवळ हेच वाक्य वाचलं होतं आणि उशी छातीशी धरून हसले होते. त्या दिवसापासून ते पुस्तक ७१ टक्क्यांवर अडकलंय. माझा नवरा साधा, नाकासमोर चालणारा माणूस आहे. त्याला फसवल्यासारखं वाटतं. त्यात १६ वर्षांची भाची सुट्टीत राहायला येतेय आणि तिने माझं किंडल वाचायला मागितलंय. मी ढोंगी आहे का?

– रात्रीची वाचक

उत्तर

सप्रेम नमस्कार.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, म्हणजे पुढचं निवांत वाचाल. तुम्ही ढोंगी नाही. ढोंगी माणूस पुस्तकातल्या आणि समोरच्या बाईच्या तोंडच्या एकाच वाक्यावर महिनाभर तळमळत बसत नाही. पण तुम्हाला जे टोचलंय ते खरंच टोचण्यासारखं आहे, त्यामुळे "अहो, गोष्टच आहे ती, सोडून द्या" असं मी म्हणणार नाही.

आधी तुमच्या आवडीकडे बघू. तुम्ही लिहिलंय, स्वभाव जुळणारे असले की तुम्ही पुस्तक सोडता. माझ्या मते सगळी गोम इथे आहे. जो माणूस भाजीवालीपासून सासऱ्यापर्यंत सगळ्यांशी गोड बोलतो, तो आपल्याशीही गोड बोलला तर त्यात खास आपलं असं काय? पण जो कुणासमोर वाकत नाही, ज्याच्या नुसत्या चाहुलीने खोलीतली माणसं गप्प होतात, तो एका बाईने केलेला करपलेला केक मुकाट्याने खातो, तेव्हा त्या केकला वजन येतं. दगडाला पाझर फुटला हे दिसायला आधी दगड लागतो. म्हणून ती इतकी उजळ आणि तो इतका काळोखा रंगवलेला असतो. अंतर जितकं मोठं, तितका तो तिच्याकडे किती चालून आला हे मोजता येतं. वाचणारी बाई खरं तर ते अंतर मोजत असते. त्याच्या बंदुका, गाड्या आणि काळे सूट मोजपट्टीवरच्या खुणा आहेत.

हे आजचं खूळ नाही. १७४० साली सॅम्युअल रिचर्डसन नावाच्या लंडनच्या छापखानेवाल्याने 'पामेला' ही कादंबरी काढली. १५ वर्षांची मोलकरीण, तिच्यामागे लागलेला श्रीमंत मालक. तो तिला पळवून आपल्या दुसऱ्या वाड्यात कोंडतो, ती तिथे बसून सगळं लिहून काढते, ते लिखाण त्याच्या हाती पडतं, तो बदलतो, लग्न होतं. तुमच्या किंडलवरच्या निम्म्या पुस्तकांचा सांगाडा हाच ना? तेव्हाही लोक त्या कादंबरीसाठी वेडे झाले होते. आणि बघा, त्याच रिचर्डसनने सात-आठ वर्षांनी 'क्लॅरिसा' लिहिली. त्यातही मुलीला फसवून नेणारा देखणा, हुशार पुरुष आहे. पण हा सुधारत नाही. तो तिला गुंगी देऊन तिच्यावर बलात्कार करतो, मग लग्नाला तयार होतो. ती नकार देते आणि मरते. प्रस्तावनेत रिचर्डसनने स्वच्छ बजावलंय की सुधारलेला बदफैली पुरुष सगळ्यात चांगला नवरा होतो, ही समजूत फार पसरलेली आहे आणि घातक आहे. पहिल्या पुस्तकातून त्याच समजुतीला त्याने खतपाणी घातलं होतं. तुमची दिवसाची आणि रात्रीची ओढाताण त्या एकाच माणसाच्या दोन पुस्तकांत पावणेतीनशे वर्षांपूर्वी होऊन गेली आहे.

आता या कादंबऱ्यांची एक युक्ती सांगते. तुमच्या लक्षात आलीच असेल, पण तिच्यावर बोट ठेवायला हवं. यांत बहुधा एक प्रकरण तिच्या तोंडून असतं आणि पुढचं त्याच्या. ती भिंतीला पाठ लावून थरथरत असते, तेव्हा तुम्ही त्याच्या डोक्यात शिरून आलेल्या असता. तो तिला इजा करणार नाही, तो आतून विरघळलाय, त्याला रात्रभर झोप लागली नाही, हे तुम्हाला तिच्या आधी कळलेलं असतं. शेवट गोड होणार हेही पहिल्या पानापासून ठरलेलं. रोमान्स या प्रकाराचा तो अलिखित करारच आहे. म्हणजे भीतीचा पोशाख आहे, पण भीतीचा गाभा काढून घेतलाय. भीतीचा गाभा म्हणजे समोरच्याच्या मनात काय आहे हे न कळणं.

आणि तुमच्या केंद्रात बसणारी बाई? समोरच्याच्या मनात काय आहे हे कळायची सोय तिच्याकडे नसते. ती जिन्यावरच्या पावलांवरून ओळखते आज रंग कसा आहे ते. चावी टेबलावर कशी पडली यावरून आमटी वाढायची की गप्प बसायचं हे ठरवते. हे मी तुम्हाला सांगायला नको. तिला त्याच्या बाजूचं प्रकरण कुणी वाचायला देत नाही, म्हणून ती ते स्वतःच लिहिते. "काळजी वाटते म्हणून करतो हो तो" हे तिने त्याच्या वतीने लिहिलेलं प्रकरण आहे. तुम्ही वाचलेलं वाक्य आणि तिने उच्चारलेलं वाक्य शब्दाला शब्द सारखं असेल. तुमच्या वाक्यामागे लेखिकेची हमी होती, तिच्या वाक्यामागे फक्त तिची आशा आहे.

मग इटलीच का, माफियाच का? यावर मी पुष्कळ विचार केलाय, कारण माझ्याकडे अशा वाचकांची पत्रं येतात आणि त्या पत्रांमधलं एक साम्य मला सोडत नाही. त्या डॉनचं घर आठवून बघा. एक दराऱ्याचा बाप, ज्याचा शब्द मोडायचा नाही. स्वयंपाकघर ताब्यात ठेवणारी आई किंवा आजी. रविवारी लांबलचक टेबलाभोवती जेवायला बसलेलं सगळं खानदान. काका, चुलत भाऊ, इभ्रत, वचन, आणि मोठ्यांनी ठरवलेलं लग्न. नव्या सुनेकडे बघणाऱ्या वीस नजरा. हे तर आपल्याकडचं मोठं सासर आहे, फक्त जेवणात पास्ता आहे! न्यूयॉर्कच्या वाचकाला ते दूरचं आणि अद्भुत वाटत असेल, मराठी बाईला ते घर आतून माहीत असतं. आणि त्या टेबलावर जे घडतं ते आपल्या घरांत फार कमी वेळा घडतं. कुणीतरी सुनेला टोमणा मारतं, टेबल शांत होतं आणि तो म्हणतो, "तिला बोलायचं नाही." बापासमोर, आईसमोर, सगळ्यांसमोर.

तुमच्या शंभर पुस्तकांमध्ये तुम्ही मनात जपून ठेवलेला प्रसंग कोणता ते स्वतःला विचारा. माझा अंदाज आहे, तो गोळीबाराचा नसेल, शयनगृहाचाही नसेल. तो टेबलाचा असेल.

मी २३ वर्षांची असताना लग्न होऊन आले. तेव्हा किंडल नव्हतं. कोपऱ्यावरच्या लायब्ररीतून आणलेली इंग्रजी प्रेमकथांची पातळ पुस्तकं मी वर्तमानपत्राचं कव्हर घालून वाचत असे. त्यांतले नायकही रागीट, श्रीमंत आणि तुसडेच असायचे. मला त्यांतला एकही माणूस घरात नको होता. कुणीतरी सगळं काम बाजूला सारून माझ्याकडे पूर्ण लक्ष द्यावं, एवढं मात्र हवं होतं. जॅनिस रॅडवे या अमेरिकन अभ्यासक बाईंचं रोमान्स वाचणाऱ्या स्त्रियांवरचं पुस्तक १९८४ साली आलं. ते हाती पडलं तेव्हा मला माझ्या त्या कव्हरांची आठवण झाली. एका लहान शहरातल्या चाळीसेक बायकांशी आणि त्यांना पुस्तकं निवडून देणाऱ्या दुकानातल्या बाईशी बोलून त्यांनी ते लिहिलं. त्या बायकांचं म्हणणं असं, की वाचतानाचा तेवढाच वेळ घरातलं कुणी त्यांच्याकडे काही मागत नाही. घरात सगळ्यांना जपणाऱ्या या बायका, त्यांना स्वतःला कुणी जपतंय हे निदान पानावर तरी अनुभवायचं होतं. आणि नायक बाहेरून कितीही कठोर असला तरी त्यांना चालायचा, पण ज्या पुस्तकांत क्रौर्य खरं असायचं, ती त्या बाजूला ठेवायच्या. काहीजणी तर शेवट आधी वाचून खात्री करून घ्यायच्या.

दिवसाला सहा-सात बायकांचं दुःख ऐकून, प्रत्येकीसाठी काय करायचं ते ठरवून तुम्ही घरी येता. रात्री अकरा वाजता तुम्हाला असं जग हवंसं वाटतं, जिथे काहीही ठरवायची जबाबदारी तुमच्यावर नाही आणि तरीही शेवट तुमच्या मनासारखा होणार आहे. याची लाज वाटून घेऊ नका. आपल्या आज्या-पणज्यांनी दिवसभर जे बोलता आलं नाही ते पहाटे जात्याशी बोलून घेतलं. ते कुणी त्यांच्या तोंडावर फेकलं असतं तर त्यांचं काय झालं असतं?

पण आता दुसरी बाजू, आणि इथे मी थोडी कडक होणार आहे. पुस्तकातल्या माफियाने खऱ्या माफियाकडून फक्त कपडे उसने घेतलेत. त्या गोड बेकरीवालीचंच बघा. इटलीतल्या सिसिली बेटावरच्या पालेर्मोसारख्या शहरात असं छोटं दुकान चालवणाऱ्यांना माफियाला हप्ता द्यावा लागायचा. तिथे त्याला 'पिझ्झो' म्हणतात. लिबेरो ग्रास्सी नावाच्या कारखानदाराने तो द्यायला नकार दिला, १९९१ च्या जानेवारीत वर्तमानपत्रात तसं उघड पत्र छापलं. ऑगस्टमध्ये त्याला भररस्त्यात गोळ्या घातल्या. खऱ्या डॉनची आणि बेकरीवालीची गाठ प्रेमात पडायला पडत नाही, महिन्याच्या पैशांसाठी पडते.

आणि जबरदस्तीचं लग्न, जे या पुस्तकांत हमखास असतं, त्याची खरी गोष्ट सिसिलीतल्या आल्कामो गावाची आहे. फ्रांका व्हिओला, वय १७. तिचं लग्न ज्याच्याशी ठरलं होतं तो फिलिप्पो मेलोदिया माफियावाल्याचा पुतण्या. तो चोरीत पकडला गेल्यावर तिच्या वडिलांनी लग्न मोडलं. २६ डिसेंबर १९६५ ला तो हत्यारबंद साथीदार घेऊन घरात घुसला, तिच्या आईला मारहाण केली आणि मुलीला उचलून नेलं. आठवडाभर कोंडून ठेवलं, बलात्कार केला. तेव्हाच्या इटालियन दंडसंहितेतलं कलम ५४४ असं होतं की बलात्कार करणाऱ्याने त्या मुलीशी लग्न केलं की गुन्हा मिटला. सगळ्यांनी गृहीत धरलं की ती हो म्हणेल, कारण नाही म्हणणारीला गावात तोंड दाखवायला जागा नसायची. ती नाही म्हणाली. वडील तिच्या मागे उभे राहिले. त्यांचा द्राक्षमळा जाळला गेला, तरी ते हटले नाहीत. खटला चालला, मेलोदियाला ११ वर्षांची शिक्षा झाली, ती अपिलात एक वर्षाने कमी झाली. १९६८ साली फ्रांकाने आपल्या पसंतीच्या माणसाशी लग्न केलं. ते कलम मात्र रद्द व्हायला १९८१ साल उजाडावं लागलं.

रिचर्डसनच्या क्लॅरिसाने जे नाकारलं तेच या मुलीने नाकारलं. क्लॅरिसाला लेखकाने मरू दिलं. फ्रांका जगली, संसार केला, मुलं वाढवली. उजळ मुलगी आणि काळोखा पुरुष यांची खरी गोष्ट शोधायची झाली तर ही आहे, आणि यात दगडाला पाझर फुटत नाही. सगळी हिंमत तिची आणि तिच्या बापाची आहे.

हे सांगून तुमची पुस्तकं काढून घ्यायचा माझा विचार नाही. फक्त एवढं करा, ही गोष्ट त्यांच्या शेजारी ठेवा.

आता त्या बाईकडे येऊ. ती पुन्हा आली तर तुमचं वाचन तुमच्या उपयोगाला येईल असं मला मनापासून वाटतं. ती का निघत नाही, हे न कळून आपल्यातल्या कितीतरी जणी तिच्यावर चिडतात. तुम्हाला ते आतून कळेल. ती त्या पानाची वाट बघतेय. आज नाही तर दिवाळीनंतर, मूल झाल्यावर, नोकरी लागल्यावर दगडाला पाझर फुटेल. तुम्ही ते पान शंभर वेळा वाचलंय, त्यामुळे त्याची ओढ किती जबरदस्त असते हे तुम्हाला माहीत आहे. तिला "ही काळजी नव्हे, छळ आहे" असं एकदम सांगू नका, ती त्याची वकिली करायला लागेल. तिला विचारा, "तुम्ही लोकेशन बंद केलंत तर काय होईल?" विचारा, "त्याचं लोकेशन तुम्हाला दिसतं का?" विचारा, "मागच्या वेळी तुम्ही नाही म्हणालात तेव्हा काय झालं होतं?" पुस्तकातला नायक निदान शेवटी तरी नायिकेला दार उघडून देतो आणि ती आपण होऊन थांबते. या बाईच्या घराचं दार कधी उघडलं होतं का, हे तिच्याच तोंडून येऊ द्या. पुढचं काम, नोंद, संरक्षण अधिकारी, अर्ज, ते तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं जाणता.

भाचीचं सोपं आहे. किंडल द्यायचं नाही. ही पुस्तकं प्रौढांसाठी लिहिलेली आहेत. बऱ्याच पुस्तकांत सुरुवातीलाच आत काय काय आहे त्याची सूचना दिलेली असते, ती वाचून तुम्हीच ठरवा की १६ व्या वर्षी हे हातात पडावं का. तुम्हाला गाभा काढून घेतलेली भीती ओळखता येते, कारण खरी कशी असते हे तुम्ही रोज बघता. तिच्याकडे अजून तो ताळा नाही. पण "तुझ्यासाठी नाही" म्हणून दार लावलंत तर ती तेच फोनवर शोधेल. त्यापेक्षा पासकोड लावा आणि तिला खरं सांगा: "मी मोठ्यांच्या प्रेमकथा वाचते, मला आवडतात, तू मोठी झालीस की आपण त्यावर बोलू." तिच्यासाठी भांडखोर मुलगी आणि आढ्यतेखोर मुलगा असलेली, पण कुणी कुणाला कोंडत नाही अशी एखादी प्रेमकथा आणून ठेवा. विरुद्ध स्वभावाची मजा त्यातही भरपूर असते. आणि एखाद्या दुपारी, भांडी आवरताना वगैरे, तिला फ्रांका व्हिओलाची गोष्ट सांगा. त्या मुलीपेक्षा तुमची भाची फक्त एक वर्षाने लहान आहे. ती जे प्रश्न विचारेल त्यांवरून तुम्हाला कळेल तिच्या मैत्रिणींमध्ये सध्या काय चाललंय.

राहिला तुमचा नवरा. तुम्ही त्यांना फसवत नाही आहात. पण "साधा, नाकासमोर चालणारा" एवढंच लिहून तुम्ही त्यांना अर्ध्या ओळीत आटोपलंत, तिथे मी थांबले. साधा माणूस घरच्यांसमोर तुमची बाजू घेतो का? शेवटची कधी घेतली होती? घेत असतील तर त्यांना एकदा सांगा की मला ते लक्षात आहे. घेत नसतील तर पुस्तकांचा विषय न काढता तेवढंच मागा: "पुढच्या वेळी आईंनी माझ्या नोकरीवरून काही बोललं, तर तुम्ही गप्प बसू नका. एक वाक्य बोला." त्यासाठी त्यांना काळोखं व्हायची गरज नाही. शांत माणसाने ताटावरून मान वर करून म्हटलेलं एक वाक्य कधी कधी फार लांबवर ऐकू जातं.

तुमचं पुस्तक ७१ टक्क्यांवर अडकलंय म्हणालात. अनुभवाने सांगते, साधारण तिथेच तो काहीतरी अक्षम्य करतो आणि ती घर सोडून निघते. आज रात्री तिथून पुढे वाचा. तो तिच्यामागे येतो तेव्हा ती त्याला काय विचारते आणि दाराची किल्ली कुणाच्या हातात असते, तेवढं बघा आणि मला लिहा.

तुमची,
ताई